अठरा डाव्या बाह्या

प्रारंभीच एक तक्रार नोंदवून ठेवतो. मृत्युपत्राच्या प्रत्येक पानाच्या डाव्या अंगाला चार बोटे जागा कोरी सोडावी, असा वकीलसाहेबांचा आदेश आहे. का, असे विचारले तर म्हणाले, "मास्तर, पद्धत आहे." मी छत्तीस वर्षे कापड बेतले. 'पद्धत आहे' म्हणून चार बोटे कापड वाया घालवले असते, तर गिऱ्हाइकाने मला माझ्याच टेपने बांधून ठेवले असते. या सगळ्या पानांवरची कोरी जागा एकत्र केली तर त्यात एका बेताच्या इस्टेटीच्या माणसाचे मृत्युपत्र सहज बसेल. परंतु कायद्यापुढे शिंप्याचे चालत नाही. तस्मात् जागा सोडली आहे.

आता रीतसर.

मी, खाली सही करणार, वय वर्षे सत्तावन्न, धंदा कटिंग मास्तर, हे मृत्युपत्र स्वसंतोषाने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या हाताने लिहीत आहे. गेल्या वर्षी लिहिलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. ते का रद्द करावे लागले, हे कलम चारमध्ये येईल. माझे नाव सहीत आहे. आमच्या रस्त्यावर ते कोणी वापरत नाही, सगळे मास्तरच म्हणतात.

या ठिकाणी 'मी पूर्ण शुद्धीत असून माझी बुद्धी शाबूत आहे' असे वाक्य घालतात. वकीलसाहेबांनी ते टाइप करूनच आणले होते. मी ते खोडले.

"अहो मास्तर, हे वाक्य नसेल तर बाकीच्या कागदाला काही अर्थ नाही."

"आणि हे वाक्यच खोटं असेल तर?"

त्यांनी चष्मा पुसला. शेवटी तडजोड झाली, ती अशी: मी शुद्धीत आहे. काय करतो आहे ते मला समजते आहे. माझी बुद्धी मात्र पूर्वीइतकी नाही, आणि किती कमी आहे याचा पुरावा शेवटी जोडला आहे.

कलम एक. आजाराबद्दल.

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. यकृताचा आजार म्हटले की लोक एक डोळा बारीक करून हसतात, म्हणून हे कायदेशीर कागदावर लिहून ठेवतो. माझे यकृत साखरेने, चरबीने आणि छत्तीस वर्षे दुकानाबाहेर पाऊल न टाकल्याने गेले. ते गेले तेही सभ्यपणे, आवाज न करता. आवाज झाला तो डोक्यात.

डॉक्टरांनी मला माझ्याच भाषेत समजावले. "मास्तर, यकृत म्हणजे तुमच्या दुकानात झाडू मारणारं माणूस समजा. ते रजेवर गेलं की चिंध्या साठतात. त्या रक्तातून थेट डोक्यात जातात. मग माणूस दिवसा पेंगतो, भलतंच बोलतो, भलतंच करतो, आणि त्याला वाटतं आपलं सगळं ठीक चाललंय."

"मग झाडून घ्या की."

"घेतोय. पण काही चिंध्या मशीनच्या आत जाऊन बसल्यात. त्या निघतीलच असं नाही."

झाडण्यासाठी त्यांनी एक गोड पातळ औषध दिले आहे. ते दिवसातून तीनदा घ्यायचे, म्हणजे पोट साफ राहते आणि पोट साफ राहिले की डोके साफ राहते. माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे आणि घरी येऊनही तेच करायचे. त्यांनी मला बरेच काही शिकवले, पण बुद्धीचा मार्ग संडासातून जातो हे सांगायचे राहून गेले. त्यांनी पाठ करून घेतलेली सगळी रूपे, सातही विभक्ती आणि संबोधन, मला आजही घडाघडा येतात. मी ती डॉक्टरांना म्हणून दाखवली. ते म्हणाले, "जुनं सामान जागच्या जागी आहे, मास्तर. नवं ठेवायला फळी नाही." हे खरे आहे. सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा दुपारी माझ्याजवळ नसतो. टेप घेऊन छाती मोजतो, आकडा वहीपर्यंत नेईतो सांडतो. आता बायको शेजारी उभी राहून आकडा मोठ्याने म्हणते, तेव्हा तो वहीत उतरतो.

कलम दोन. घर आणि शिल्लक.

राहते घर, त्यातील सर्व जंगम वस्तूंसह, माझ्या पत्नीचे. बँकेत जे असेल ते तिचे आणि मुलीचे अर्धे-अर्धे. मुलगी दूरच्या शहरात पुलांची गणिते करते. तिला या अर्ध्याची गरज नाही, हे तिने मला तीनदा सांगितले आहे. मी तिला चौथ्यांदा देत आहे.

कोपऱ्यातली आरामखुर्ची बायकोने माझ्या पश्चात फेकून द्यावी. तिला ती पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही. तेवीस वर्षे सहन केली, हे मला माहीत आहे.

कलम तीन. मनातले राग.

मनात धरून ठेवलेल्या गोष्टी वारसांना जाऊ नयेत म्हणून त्यांचीही व्यवस्था लावतो. मी यादी केली तेव्हा माझ्याकडे अकरा राग निघाले. पूर्वी मी ते तसेच लिहिले असते. आता माझी आठवण कुणीतरी तपासल्याशिवाय पक्की धरता येत नाही, म्हणून यादी बायकोला दिली. तिने पेन्सिल घेऊन एकेकापुढे शेरा मारला. सहा खरोखर घडले होते. तीन घडलेच नव्हते. दोन घडले होते, पण चूक माझी होती. "हे दोन तर मी तुमच्यावर धरून आहे," ती म्हणाली. ते दोन मी तिच्या नावे करतो.

खऱ्या सहांपैकी पाच किरकोळ आहेत, ते मोडीत काढावेत. सहावा माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, यांच्याबद्दल आहे. माझ्या दुकानाला लागून त्यांचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे आणि मधली भिंत पाडून दोन्हीचे एक करावे, हे त्यांचे जुने स्वप्न आहे. मी इस्पितळात होतो तेव्हा भिंतीला टकटक करून ती पोकळ आहे की भरीव, हे त्यांनी पाहून घेतले. याला साक्षीदार आहेत. तरीही ते माझे दादा आहेत. वडिलांची संस्कृतची सर्व पुस्तके, मोठ्या शब्दकोशासह, मी त्यांना देतो. वडिलांपुढे सातवीपर्यंत त्यांनी ती उघडल्याचे नाटक केले. आता निवांत उघडावीत.

कलम चार. दुकान.

हेच कलम महत्त्वाचे आहे आणि याच्यावरच भांडण होणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रस्त्यावरचे दुकान, दोन मशिने, कापायचे टेबल, इस्त्रीचे टेबल, आरसा व मापांच्या वह्या, हे सर्व मी माझ्याकडे एकोणीस वर्षे शिवणाऱ्या कारागिराला देत आहे. त्याला सगळे मौनी म्हणतात. हे नाव मीच ठेवले, कारण तो दिवसाला सरासरी चौदा शब्द बोलतो. तिसरे, लहान मशीन काजवाल्या बाईंना द्यावे. त्या अकरा वर्षे आमच्याकडे काज-बटन करतात आणि मौनीच्या वाट्याचेही बोलून घेतात.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. तो मला माझ्या गुरूंनी घालून दिला, मी मौनीला. कापड बेतून झाले की कटिंग मास्तर प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला खडूने फुली मारतो. फुली म्हणजे मास्तरचा शब्द. शिवणाऱ्याने फुली पाहावी आणि शिवावे. तुकडा चुकला असेल तर बोल मास्तरला लागतो, कारागिराला नाही. त्याबदल्यात कारागिराने फुलीवर प्रश्न करायचा नाही.

कापड दुहेरी दुमडून कापले की डावी-उजवी जोडी आपोआप उतरते. एकेरी अंथरून कापले तर कापड वाचते, पण मग बाहीचा कागदी फर्मा एकदा सरळ आणि एकदा पालथा ठेवावा लागतो. हे शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात कळते. चार वर्षांपूर्वी मी तो पालथा ठेवायला विसरू लागलो. दोन्ही बाह्या डाव्या कापायचो, दोन्हींवर झोकात फुली मारायचो आणि पुढचे कापड उलगडायचो. मला काहीही जाणवत नव्हते.

मौनीला जाणवले. तो काही बोलला नाही. नवी उजवी बाही बेतायचा, शिवायचा आणि माझी चुकलेली बाही बाजूला ठेवायचा. हे त्याने चौदा महिने केले.

साहजिकच कापड कमी पडू लागले. हे मात्र माझ्या लक्षात आले! एका दुपारी दोन गिऱ्हाइके, बायको आणि काजवाल्या बाई यांच्यादेखत मी त्याला विचारले, "मौनी, काळ्या कापडातलं दोन मीटर गेलं कुठे?"

"मोजून बघतो, मास्तर."

"काय मोजतोस? चोराने मोजायचं नसतं."

त्याने बोटातले अंगुस्तान काढून टेबलावर ठेवले, मशीनवर कापड झाकले आणि गेला.

हा प्रसंग मी काजवाल्या बाईंच्या तोंडून लिहिला आहे. मला तो आठवत नाही. माझ्या डोक्यात त्या जागी दुसरेच काही तयार झाले: मौनी एके दिवशी मला न सांगता, ऐन कामात सोडून गेला. हे मला चित्रासारखे स्वच्छ दिसत असे. त्याच्या अंगात कोणता शर्ट होता तेही मी सांगितले असते.

त्याच्या जागी आलेला नवा कारागीर अत्यंत आज्ञाधारक होता. तो गुण आमच्या धंद्यात किती घातक, हे पंधरवड्यात कळले. एका हॉटेलच्या दारवानांचे नऊ कोट होते. मी कापले, फुल्या मारल्या, त्याने फुल्या पाहिल्या आणि शिवले. नऊ कोट, अठरा डाव्या बाह्या. उजवा हात घातला की तो मागे ओढला जायचा. हॉटेलचे मॅनेजर एक कोट अंगात घालूनच दुकानात आले. "मास्तर, आमच्या माणसांनी पाहुण्यांचं स्वागत पाठमोरं उभं राहून करायचं का?" मी त्यांना समजावून सांगितले म्हणे की बाही बरोबर आहे, हात चुकीच्या बाजूला आहे. त्यानंतर चार दिवसांनी मी घरात लघवीची जागा समजून कपड्यांच्या कपाटापुढे उभा राहिलो. मला इस्पितळात नेले. दोन दिवस शुद्ध नव्हती. तिथे डॉक्टरांनी हात पुढे करून पंजे ताठ धरायला सांगितले. छत्तीस वर्षे कात्री धरलेले पंजे ओल्या कापडासारखे लटपटत होते.

मी घरी आलो, दुकान पुन्हा अर्धा दिवस उघडू लागलो आणि गेल्या वर्षी पहिले मृत्युपत्र लिहिले. त्यात मी असे लिहिले होते: 'एकोणीस वर्षे माझे मीठ खाऊन आजारपणात मला सोडून गेलेल्या त्या विश्वासघातकी माणसास दुकानाची पायरी चढू देऊ नये.' वाक्य चांगले उतरले होते. मी ते बायकोला वाचायला दिले.

तिने ओट्यापाशी उभी राहून वाचले. चपला घातल्या, दुकानात गेली आणि अर्ध्या तासाने एक गाठोडे घेऊन आली. मी इस्पितळात असताना काजवाल्या बाईंनी इस्त्रीच्या टेबलाखालचे ते गाठोडे तिला दाखवले होते. तिने ते पलंगावर सोडले. आत बाह्या होत्या. एकोणतीस, सगळ्या डाव्या. चार कॉलर, एक पाठ. प्रत्येकीवर माझी फुली, आणि प्रत्येकीला टाचणीने एक चिठ्ठी, मौनीच्या अक्षरात तारीख. कुठेही एक शब्द जास्त नाही.

"तो तुम्हाला सोडून गेला नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्याला चोर म्हणालात. मी तिथेच होते."

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"डॉक्टर म्हणाले, मनाला ताण नको." मग गाठोड्याची टोके जुळवत म्हणाली, "आणि तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात, अहो, की मलाच वाटायला लागलं, माझंच ऐकण्यात काही चुकलं असेल."

दुसऱ्या दिवशी मी मौनीच्या घरी गेलो. तो खिडकीशी बसून कुणाच्या तरी पँटची पायपट्टी घालत होता. मला खुर्ची दिली.

"मौनी, मी तुला चोर म्हणालो, असं घरी सांगतात."

"हं."

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस, की मास्तर, दोन्ही डाव्या कापताय?"

पायपट्टी पुरी झाली. त्याने दोरा दाताने तोडला. "फुली होती ना, मास्तर."

"अरे, पण फुली मोडून नवी बाही बेतत होतासच की!"

"बेतत होतो. म्हणत नव्हतो." आणि मग त्या दिवसाचे सगळे शब्द एकदम खर्चून म्हणाला, "वाटलं, तुमचा हात परत येईल. आला की तुम्हाला कळायचंही नाही, मधे काय झालं ते."

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते लिहीत नाही. तो म्हणाला, "सोमवारी येतो." आला.

म्हणून दुकान त्याचे. हे बक्षीस नाही आणि भरपाईही नाही. ते दुकान गेली काही वर्षे तोच चालवत होता, मला उशिरा कळले एवढेच.

कलम पाच. या मृत्युपत्राला होणारी हरकत.

दादांनी मला आधीच बजावले आहे. "तुझ्या फाइलवर डॉक्टरांनी मेंदूचं लिहून ठेवलंय. कोर्टात तो एक कागद दाखवला की तुझा मौनी रस्त्यावर."

"दाखवा की, दादा. मीच देतो."

आणि देत आहे. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांच्या तपासणीचा मूळ कागदही जोडला आहे. त्यावर एक ते पंचवीस आकडे विखुरलेले असतात, ते क्रमाने रेघेने जोडायचे. बारानंतर मला तेरा सापडेना. तो बाराच्या शेजारीच बसला होता, ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकासारखा ताटकळत. मी एकोणीसवरून एकवीसवर गेलो आणि परत आलो, ती वाकडी रेघ तशीच आहे. दादांना एवढा चांगला पुरावा बाहेर शोधून मिळाला नसता. न्यायाधीश महाशयांनी तो पाहावा, आणि मग कलम चार पुन्हा वाचावे. आकडे जोडता न येणाऱ्या माणसालाही आपल्याला कोणी सांभाळले हे कळू शकते, असे माझे म्हणणे आहे.

कलम सहा. कात्री.

माझी मोठी कात्री कलम चारमध्ये मुद्दाम घातलेली नाही. ती मौनीलाच द्यायची आहे, पण तिला एक अट आहे. त्यामागचे कारण सांगतो.

गेल्या जानेवारीत मी एका तपकिरी कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. या वेळी मुद्दाम. फुली मारली आणि मौनीपुढे ठेवल्या. मंगळवारची गोष्ट. शुक्रवारी कोट हँगरला लागला होता, एक बाही डावी, एक उजवी, शिवण बिनचूक. मौनी इस्त्री करत होता. मी म्हणालो, "कोट कसा झालाय?"

"चांगला झालाय, मास्तर."

"कापताना काही अडचण वगैरे? माझ्याकडून?"

"नाही."

तो जेवायला घरी गेल्यावर मी वाकून इस्त्रीच्या टेबलाखाली हात घातला. गाठोडे होते. जुने तर बायकोने घरी आणलेले आहे, म्हणजे हे नवे. मी गाठ सोडली नाही. वरून चाचपले. कापडाचे थर किती, हे माझ्या हाताला अजून कळते. मी मुद्दाम चुकवलेली बाही एकच होती. गाठोड्यात दहा-बारा तुकडे तरी होते.

म्हणून अट अशी: ज्या दिवशी मौनी मला तोंडावर सांगेल, "मास्तर, आता कापू नका," त्या दिवशी, अथवा माझ्या मृत्यूच्या दिवशी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कात्री त्याची होईल. फुलीचा नियम मी याद्वारे रद्द करतो. गुरूंची क्षमा मागतो. मौनीने लवकर बोलावे.

कलम सात. अंमलबजावणी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी. माझ्यासाठी कोणी काळे कपडे शिवू नयेत. असलेले घालावेत.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ११ मार्च २०२५, मंगळवार. वार बायकोला विचारून लिहिला आहे.

साक्षीदार पहिले: माझे डॉक्टर. त्यांनी मला आज सकाळी तपासले आणि मी काय लिहितो आहे ते मला समजते, असे स्वतंत्र कागदावर लिहून दिले आहे. (सही)
साक्षीदार दुसरे: समोरच्या दुकानातले चष्मेवाले. यांना वरीलपैकी काहीही मिळणार नाही, याची त्यांना कल्पना दिली असता "मग चहा तरी द्या" असे म्हणाले. दिला. (सही)

सही करण्यापूर्वी एक गोष्ट लिहायची राहिली आहे.

हे मृत्युपत्र मी काल तिघांना वाचायला दिले आणि सांगितले, कुठे चुकलो असेन तर आत्ताच सांगा. मुलीला पानांचे फोटो पाठवले होते, ती फोनवर म्हणाली, "बाबा, एकदम बरोबर आहे." मौनीने मान हलवली. बायको म्हणाली, "छान लिहिलंय." आमच्या घरात तिघांचे असे एकमत यापूर्वी कधीही झालेले नाही. पूर्वी मी भाजी आणायची यादी केली तरी बायको त्यात चार चुका काढायची.

मरणाची मला फारशी काळजी नाही. ही सगळी माणसे माझ्यावर माया करतात आणि त्या मायेपोटी त्यांनी मला माझ्या चुका सांगणे सोडले आहे. ते नक्की कधीपासून, हे मला माहीत नाही. मी इथे लिहिलेले किती खरे आणि किती माझ्या डोक्याने रचलेले, हे मला एकट्याला शोधून काढता येत नाही, आणि कोणी सांगत नाही. मला त्याची भीती वाटते.

(सही)